टायमिंग बेल्ट घसरल्यावर: पूर्ण किट आणि तपासणीची हत्यारं, कशावर खर्च करावा

बेल्टचा दात सुटला की पहिली ऑर्डर जाते ती नव्या बेल्टची. ती थोडी थांबवलेली बरी. इंजिन आतून शाबूत आहे का हे कळण्याआधी घेतलेला बेल्ट वाकलेल्या व्हॉल्व्हवर चढतो, आणि पुढे हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवायची वेळ आली की तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. म्हणून इथे टायमिंग किटचं परीक्षण आहेच, पण त्याआधी लागणाऱ्या तपासणीच्या हत्यारांचंही आहे.

निकाल आधीच सांगतो. लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा सोडून गळती शोधायचं हत्यार) आणि वॉटर पंपासकटचं किट, या दोहोंवर हात आखडू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो, पण त्याच्या शब्दावर इंजिन खोलू नका. सुटा बेल्ट घसरलेल्या इंजिनासाठी घेऊच नका.

थोडं गणित करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टायमिंग बेल्ट क्रँक (पिस्टनना जोडलेला खालचा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) यांना जोडतो. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात असतात. क्रँकला २० आणि कॅमला ४० दात असतील तर बेल्ट एक दात सरकला की क्रँकच्या मापाने १८ अंशांचा फरक पडतो. क्रँकला २४ दात असतील तर १५ अंश. एका दाताला इंजिन बहुधा चालतं, फक्त आळशी होतं, आयडलिंगला थरथरतं आणि चेक इंजिनचा दिवा लावतं. दोन दातांना ते अडखळत, फटफटत चालू होतं किंवा होतच नाही. त्यापुढे इंटरफिअरन्स इंजिनात, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांची जागा एकच असलेल्या इंजिनात, टक्कर होण्याची शक्यता झपाट्याने वाढते. डिझेलला तर सूट नाहीच: टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वात वर असताना, पिस्टन आणि हेड यांच्यात जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टनच्या माथ्यावर खोल खाचा असतात, तिथे बेल्ट तुटूनही काही बिघडत नाही. आपलं इंजिन कुठल्या जातीचं हे सर्व्हिस मॅन्युअलमधून किंवा बेल्ट बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगमधून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि तोवर स्टार्टर मारायचा नाही. "एकदा मारून बघू" या तीन शब्दांनी बेल्टपेक्षा जास्त व्हॉल्व्ह वाकवले आहेत.

स्कॅनर

सर्वात स्वस्त हत्यार, आणि पहिल्या पाच मिनिटांसाठी चांगलं. पी००१६ किंवा पी००१७ दिसला म्हणजे क्रँक आणि कॅम सेन्सरच्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. पी०३४० किंवा पी०३३५ हे सेन्सरच्या सर्किटचे कोड आहेत. त्यांचा बेल्टशी संबंध असेलच असं नाही. पण पी००१६ म्हणजे बेल्ट घसरलाच, असंही नाही. व्हीव्हीटीचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा, सोलेनॉइड काळ्या, चिकट ऑइलने अडकला तरी हाच कोड येतो. कॅमची जागा बदलणारा तिचाच फेझर सैल झाला, सेन्सरची दातेरी चकती सरकली, तरीही येतो. स्कॅनर दिशा दाखवतो, निदान करत नाही.

ज्यांचं रोजचं काम हे आहे त्यांनी दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप, म्हणजे सेन्सरच्या विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यावा. एका चॅनलवर क्रँक, दुसऱ्यावर कॅम, आणि दोन्ही लाटांतलं अंतर मोजलं की एकही कव्हर न उघडता किती दात गेले ते कळतं. अट एकच: त्याच इंजिनाची, नीट टायमिंग असताना घेतलेली लाट तुलनेला हवी. ती जवळ नसेल तर हे महागडं चित्र पाहून काहीच ठरत नाही. घरी काम करणाऱ्याने हा पैसा दुसरीकडे घालावा. त्याने बेल्टचं वरचं कव्हर काढून क्रँक हाताने टीडीसीच्या खुणेवर आणावा आणि कॅमची खूण पाहावी. हेच काम फुकटात होतं.

क्रँक फिरवायचा तो क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून, प्लग काढून, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने. कुठे कठीण अडकल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं. जोर लावायचा नाही. ते अडकणं म्हणजे व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलेला असू शकतो. हाताच्या जोराने एवढ्यात काही वाकत नाही, पण लांब पाना आणि हट्ट एकत्र आले तर वाकतं.

बोरस्कोप

प्लगच्या भोकातून आत जाणारा छोटा कॅमेरा. घेताना एकच गोष्ट तपासा: बाजूला पाहण्याची सोय आहे का. फक्त समोर पाहणारा कॅमेरा पिस्टनचा माथा दाखवतो, व्हॉल्व्हची तोंडं दाखवत नाही. बाजूचा दुसरा कॅमेरा किंवा पुढे लावायचा आरसा असेल तरच हे हत्यार कामाचं. आरसा घट्ट बसतो का तेही बघा, सिलिंडरमध्ये गळून पडलेला आरसा ही वेगळीच डोकेदुखी आहे. नळीची जाडी प्लगच्या भोकात जाईल एवढी हवी. डिझेलमध्ये ग्लो प्लगचं भोक त्याहून बारीक असतं, तिथे बहुतेक स्वस्त कॅमेरे जातच नाहीत आणि इंजेक्टर काढावा लागतो.

पाहायचं ते हे: पिस्टनच्या माथ्यावर काजळीत उमटलेली चंद्रकोर. ती चकचकीत, ताजी असेल तर टक्कर नक्की. पण चंद्रकोर नाही म्हणून सगळं ठीक, हे मात्र मानू नका. हलकी टेकणी काजळीच्या थरावर दिसत नाही, आणि सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात बारीक दांड्याचा व्हॉल्व्ह तेवढ्यानेही वाकतो. म्हणजे बोरस्कोप "हो" म्हणाला तर विश्वास ठेवा, "नाही" म्हणाला तर पुढची चाचणी करा.

कम्प्रेशन गेज

सगळ्यांकडे असतं आणि याच कामात सर्वात जास्त चुकीचं वापरलं जातं. टायमिंग चुकलेलं असताना घेतलेलं कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हाच्या दाबाचं माप, व्हॉल्व्हबद्दल काही सांगत नाही. कॅम मागे पडला की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आत आलेली हवा परत ढकलली जाते आणि सगळ्या सिलिंडरचं माप सारखंच कमी येतं. आणि हे माप घ्यायला स्टार्टर मारावा लागतो, ज्याला आपण वर मनाई केली आहे.

म्हणून गेज वापरायचं ते खुणा जुळवून, बेल्ट नीट बसवून आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून झाल्यावर. तोवर काढलेला जुना बेल्ट शाबूत असेल तर तोच तात्पुरता चढवून हाताने आणि मग स्टार्टरने फिरवता येतं, नवं किट खोलायची गरज नाही. पेट्रोलमध्ये साधारण १० ते १३ बार, डिझेलमध्ये २० ते ३० बारच्या आसपास माप येतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: तो १० ते १५ टक्क्यांच्या वर जायला नको. तीन सिलिंडर चांगले आणि एक शून्याजवळ, तर व्हॉल्व्ह वाकला असं समजा. खात्रीसाठी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर इंजिन ऑइल टाकून पुन्हा माप घ्या. वाढलं तर दोष रिंगचा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्हचा. डिझेलमध्ये हा ऑइलचा प्रयोग करू नका, एवढ्या उंच कम्प्रेशनला ते ऑइल पेटू शकतं. पेट्रोलचं गेज डिझेलला लावू नका, त्याचा काटा तेवढं माप दाखवायला बनलेलाच नसतो.

लीक-डाउन टेस्टर

यादीतलं सर्वोत्तम हत्यार. दोन गेज, एक रेग्युलेटर, प्लगच्या भोकात बसणारी नळी आणि बाहेरून कम्प्रेसरची हवा, एवढंच. पण स्टार्टर न मारता, बेल्ट न चढवता वाकलेला व्हॉल्व्ह कुठल्या सिलिंडरचा आणि इनटेकचा की एक्झॉस्टचा, हे सांगणारं हे सर्वात भरवशाचं साधन.

बेल्ट नसताना करायची पद्धत अशी. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँक टीडीसीपासून ९० अंश मागे आणा. चारही पिस्टन मध्यावर येतात आणि कॅम मोकळेपणाने फिरवता येतो. तीन आणि सहा सिलिंडरच्या इंजिनांत हा नियम चालत नाही, त्यांची सुरक्षित जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आता ज्या सिलिंडरची तपासणी करायची त्याच्या दोन्ही बाजूंच्या कॅमची टोकं व्हॉल्व्हपासून दूर जातील असा कॅम फिरवा, म्हणजे ते व्हॉल्व्ह बंद असायला हवेत. क्रँक हत्याराने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या दाबाने पिस्टन खाली जाईल आणि क्रँकवर लावलेला पाना झटक्यात फिरून हातावर बसेल. दाब हळूहळू, कमीवरून वाढवा.

मग ऐका. इनटेक मॅनिफोल्ड किंवा थ्रॉटलमधून फुस्स येतंय, तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडातून येतंय, तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या झाकणातून थोडी हवा येणारच, ती रिंगवरून जाते. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. निरोगी इंजिन गरम असताना टीडीसीला गळती साधारण १० टक्क्यांच्या आत राहते, २५ टक्क्यांच्या वर गेली तर काहीतरी नक्की आहे. बेल्ट नसताना मध्यावरच्या पिस्टनवर घेतलेल्या टक्केवारीला मात्र फार किंमत देऊ नका. तिथे कान जास्त खरे बोलतात. वाकलेला व्हॉल्व्ह पाच-दहा टक्क्यांचा खेळ करत नाही, सरळ धो धो हवा सोडतो.

घेताना दोन गोष्टी बघा. नळीच्या टोकाला आत एकदिशा व्हॉल्व्ह असेल तर ती कम्प्रेशन गेजची नळी आहे, चुकून डब्यात आलेली. आणि एकच गेज असलेले, फक्त लाल-पिवळे-हिरवे पट्टे दाखवणारे टेस्टर टाळा.

ज्यांच्याकडे कम्प्रेसरच नाही त्यांच्यासाठी एक स्वस्त पर्याय: फीलर गेज. शिम (पातळ चकती) किंवा स्क्रूने गाळा, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, ठेवणाऱ्या इंजिनात वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण वर येत नाही, म्हणून कॅम आणि त्याच्या मधला गाळा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त दिसतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर हा पुरावा फसवा आहे, ते गाळा स्वतःच भरून काढतात. फिंगर फॉलोअरच्या (कॅमचा दाब व्हॉल्व्हवर पोचवणाऱ्या छोट्या पट्टीच्या) इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर काढून एकेक फॉलोअर बघाच. टक्कर झाली की ते तुटतात किंवा जागेवरून उडून बाजूला पडतात.

आता किट

तपासणीत इंजिन शाबूत ठरलं तरच इथे या. वाकलेले व्हॉल्व्ह सापडले असतील तर हेड उतरवावंच लागेल, आणि मग यादीत हेड गॅस्केट, स्टेम सील, नवे व्हॉल्व्ह आणि नवे हेड बोल्ट येतात. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट ताणून घट्ट करायचे असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. व्हॉल्व्ह बसवून झाल्यावर हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि पोर्टमधून थेंब येतात का बघा. साधी चाचणी, पण मशीन शॉपचं काम चांगलं झालं की नाही ते दहा मिनिटांत कळतं.

गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको, एसकेएफ, आयएनए: बहुतेक किट याच नावांची असतात. यांच्यात "सर्वात चांगला बेल्ट कोणाचा" हा वाद मला निरर्थक वाटतो. रबर आता बहुतेक ठिकाणी एचएनबीआर जातीचं, म्हणजे उष्णता आणि तेल जास्त सोसणारं, असतं. फरक पडतो तो डब्यात काय आहे आणि काय नाही याने.

चांगल्या किटमध्ये बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वळण देणाऱ्या सगळ्या पुल्या म्हणजे आयडलर, आणि जिथे बोल्ट एकदाच वापरायचे असतात तिथे नवे बोल्ट असतात. वॉटर पंप बेल्टवरच फिरत असेल तर पंपासकटचंच किट घ्या. पंपाची बेअरिंग जाम झाली की नव्या बेल्टचे दात सोलले जातात. पंप गळला की कूलंट थेट बेल्टवर पडतं. पंपासाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं ते वेगळंच. बहुतेक किटमध्ये नसतात ते कॅम आणि क्रँकचे ऑइल सील. ते वेगळे मागवा. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो, मऊ होतो, आणि महाग किट स्वस्त सीलमुळे वाया जातं.

टेन्शनर हा किटचा खरा जीव आहे. हातात धरून आयडलर फिरवा: नवी बेअरिंग किंचित जड, ग्रीसने धरल्यासारखी फिरते. सायकलच्या चाकासारखी सुळसुळीत फिरत राहिली तर ग्रीस कमी किंवा सुकलेलं. घरघर आली तर परत पाठवा. काटा आणि खाच असलेल्या स्वयंचलित टेन्शनरमध्ये काटा हलताना स्प्रिंगचा ताण सर्व पल्ल्यात सारखा जाणवला पाहिजे. बेल्ट बोटांनी पिळून ९० अंश वळतो का, ही जुनी तपासणी फक्त ढोबळ आहे. हल्लीच्या रुंद बेल्टवर तिचा भरवसा धरू नका.

नकली मालाची ओळख: बेल्टवरचं छापील नाव नखाने किंवा थिनरच्या बोळ्याने पुसलं जातं, दातांवरचं कापड कडेला सुटं दिसतं, तारखेचा कोडच नसतो. जुना माल ओळखायला तोच कोड बघा. डबीत दुमडून, गाठ पडल्यासारखा ठेवलेला बेल्ट घेऊ नका. आतली काचेच्या धाग्याची दोरी एकदा मुडपली की बाहेरून काहीच दिसत नाही आणि बेल्ट तिथेच सरळ रेषेत तुटतो.

जुना बेल्ट फेकण्याआधी

किट बसवण्याआधी बेल्ट का घसरला, याचं उत्तर हवं, नाहीतर नवाही घसरेल. जुना बेल्टच ते सांगतो. एका जागी सलग दात सोललेले असतील तर काहीतरी जाम झालं होतं: पंप, कॅम किंवा डिझेलचा इंजेक्शन पंप. कड झिजून धागे निघाले असतील तर एखादी पुली किंवा टेन्शनर तिरका. फुगलेला, तेलकट असेल तर सील. दात सगळे शाबूत आणि तरी घसरला, तर टेन्शनर ढिला पडला होता, किंवा गाडी गिअरमध्ये उभी असताना उतारावर मागे सरकून इंजिन उलटं फिरलं. उलट फिरताना ढिली बाजू ताणली जाते आणि टेन्शनर मागे दबतो. बाहेरचा फॅन बेल्ट फाटून त्याचे धागे खालच्या कव्हरमागून आत ओढले जाणं, हेही नेहमीचं कारण. म्हणून खालचं कव्हर फुटकं असेल तर तेही बदला.

आणि एक फसवं कारण. क्रँक पुलीचा मधला बोल्ट सैल राहिला की आतली चावी, म्हणजे पुलीला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा, झिजते किंवा कातरली जाते, आणि दातेरी पुली क्रँकवर हलते. बेल्ट, टेन्शनर सगळं उत्तम दिसतं, खुणा मात्र चुकलेल्या. इथे नवं किट घालणं म्हणजे तोच प्रकार पुन्हा. पुली काढून चावी आणि तिची खाच बघितल्याशिवाय हे कळत नाही.

बसवताना

लॉकिंग टूलशिवाय, म्हणजे क्रँक आणि कॅम खुणेवर धरणाऱ्या पिनांशिवाय, करू नका, पण त्यांच्यावर बोल्टही सैल करू नका. स्वस्त सेटमधली पिन मऊ लोखंडाची असते, ती खूण धरायला आहे, २०० न्यूटन-मीटरचा जोर सोसायला नाही. पिन वाकली की खूण चुकते आणि ते लगेच लक्षातही येत नाही. पुली धरायला वेगळा होल्डर लागतो.

बेल्ट क्रँककडून चढवायला घ्या, ताणलेली बाजू आधी, मध्ये किंचितही ढील न ठेवता, आणि टेन्शनरची बाजू शेवटी. कॅमची पुली टेपरवर सैल फिरणारी असेल तर टेन्शनर लावेपर्यंत तिचा बोल्ट घट्ट करू नका. व्हीव्हीटी फेझर लॉक झालेल्या जागी आहे ना ते पाहा. टेन्शनर मॅन्युअलच्या खाचेवर आणून टॉर्क रेंचने घट्ट करा. मग पिना काढून क्रँक हाताने दोन फेऱ्या फिरवा, पिना पुन्हा लावा. आरामात बसल्या तर ठीक. जरा जोर लावावा लागला तरी बेल्ट एक दात चुकला आहे, असं धरून पुन्हा काढा. टेन्शनरचा काटा या दोन फेऱ्यांनंतर पुन्हा बघा, पहिल्या वेळी जिथे लावला तिथे तो क्वचितच राहतो.

क्रँक पुलीचा बोल्ट नवा, मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क आणि त्यावरचे अंश पूर्ण करून. हा बोल्ट इम्पॅक्ट गनने "साधारण घट्ट" केलेल्या गाडीचीच चावी पुढे कातरलेली सापडते.